थोरल्याची उसनी पदवी

एल्फिन्स्टन आडनावाचे दोन गव्हर्नर मुंबईला लाभले, आणि मराठी लेखनात त्यांची सरमिसळ इतकी नेहमीची झाली आहे की ती आता कुणाला खटकतही नाही. कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात इंग्रजांची सूत्रं त्यांच्या हाती होती आणि पुढे १८१९ ते १८२७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. रेल्वे स्टेशन ज्यांच्या नावाचं होतं आणि २०१८मध्ये ज्याचं प्रभादेवी झालं, ते जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० या काळातले गव्हर्नर. नात्यानं दोघे काका-पुतणे. पुतण्या 'लॉर्ड एल्फिन्स्टन' होता. काका मात्र आयुष्यात कधीच लॉर्ड नव्हते, आपल्याकडच्या कित्येक पुस्तकांनी त्यांना परस्पर लॉर्ड करून टाकलं असलं तरी.

माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे चौथे चिरंजीव. वडिलांमागे गादी थोरल्या भावाकडे गेली आणि तिथून त्याच्या मुलाकडे. चौथ्याच्या वाट्याला नावाआधी लावायला फक्त एक विशेषण आलं, 'द ऑनरेबल'. आपल्याकडे त्याचं 'नामदार' झालं. गोपाळ कृष्ण गोखले नामदार झाले ते कायदेमंडळातल्या जागेमुळे. एल्फिन्स्टन पाळण्यातच नामदार होते.

ब्रिटनमधल्या वंशपरंपरागत उमरावीच्या पाच पायऱ्या आहेत. सगळ्यांत वर ड्यूक, मग मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन. युरोपातल्या कित्येक देशांत उमरावाची सगळीच मुलं उमराव ठरत. ब्रिटननं तसं केलं नाही. तिथे एका पदवीचा एका वेळी धनी एकच. बाप हयात आहे तोवर त्याची पत्नी सोडली तर घरातलं बाकी कुणीही कायद्याच्या लेखी उमराव नसतं. मोठ्या मुलापासून शेंडेफळापर्यंत सगळे सामान्य प्रजाजन. पण ड्यूकच्या मुलाला नुसतं 'मिस्टर' म्हणायचं हे समाजाला पटेना. मग कायदा होता तसाच ठेवून रिवाजानं एक पळवाट काढली. तिलाच कर्टसी टायटल म्हणतात, म्हणजे केवळ सौजन्य म्हणून वापरू दिलेली पदवी. हक्क नाही, पण नियम असे काटेकोर की एखाद्याचं नाव नीट वाचलं तर तो कितवा मुलगा, बाप कोणत्या पायरीवरचा, एवढंच काय, बाप जिवंत आहे की नाही, हेसुद्धा कळावं.

या नियमांचा नमुना बघायला आपल्या ओळखीचंच एक घर घेता येईल. गॅरेट वेस्ली हे आयर्लंडमधले उमराव. १७६० साली ते अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाले. उमरावांकडे सहसा एकाखाली एक अशा दोन-तीन पदव्या जमलेल्या असतात. गॅरेट यांच्याकडे अर्लपदाखाली 'व्हायकाउंट वेलस्ली' ही पदवी होती. ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल यांच्या थोरल्या मुलानं बापाची ही खालची पदवी वापरायची असा रिवाज. म्हणून थोरले रिचर्ड अगदी तान्हेपणापासून व्हायकाउंट वेलस्ली. मुलगी ॲन ही अर्लची कन्या, म्हणून 'लेडी ॲन'. धाकटे मुलगे सगळे नुसते ऑनरेबल. त्यांतला एक आर्थर. १७८१मध्ये वडील वारले आणि रिचर्ड खरेखुरे अर्ल झाले; धाकट्यांच्या नावात अक्षराचाही फरक पडला नाही.

हेच रिचर्ड पुढे गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढणारा सेनापती म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मेजर जनरल ऑनरेबल आर्थर वेलस्ली. एकाच आईबापाची मुलं, पण एक मार्क्विस झालेला, दुसरा नावापुरता नामदार. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनी हे पारडं उलटवलं. १८०९मध्ये व्हायकाउंट, १८१२मध्ये आधी अर्ल आणि मग मार्क्विस, १८१४मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन, असे आर्थर पाच वर्षांत थोरल्या भावाच्याही वर जाऊन बसले.

आता वेलिंग्टनच्या घरात खालच्या पदव्यांची रेलचेल झाली. या घराण्यात थोरला मुलगा 'मार्क्विस ऑफ डूरो' आणि त्या मुलाचा थोरला मुलगा 'अर्ल ऑफ मॉर्निंग्टन' अशी वहिवाट आहे. म्हणजे आजोबा, बाप आणि नातू हे तिघंही एकाच वेळी मोठ्या पदव्या मिरवतात, आणि त्यांतली खरी फक्त आजोबांची. 'मार्क्विस ऑफ वेलिंग्टन' हीसुद्धा पदवी घरात आहे. तीच मुलाला का दिली नाही, तर बापलेकांच्या नावांत घोटाळा नको म्हणून. खऱ्या आणि उसन्यातला फरक लिहिताना एका छोट्याशा 'द'नं दाखवतात. खरा अर्ल 'द अर्ल ऑफ' असा लिहिला जातो. उसन्या अर्लला तो 'द' मिळत नाही. एल्फिन्स्टनसारख्या स्कॉटिश घराण्यांची तऱ्हा आणखी निराळी. तिथला वारस 'मास्टर ऑफ एल्फिन्स्टन' म्हणवला जातो.

ऑनरेबल या मानाची गंमत अशी की तो तोंडानं कधी उच्चारायचाच नसतो. पाकिटावर 'द ऑनरेबल' लिहायचं, पाकीट फोडलं की आत पत्राची सुरुवात 'डिअर मिस्टर' अशी. दिवाणखान्यात ओळख करून देताना मिस्टर. व्हायकाउंट आणि बॅरन यांच्या सगळ्या मुलामुलींना आणि अर्लच्या धाकट्या मुलग्यांना एवढंच मिळतं. हा मान खऱ्या अर्थानं कळतो तो पोस्टमनला. वुडहाउसच्या मराठी वाचकांना अर्ल ऑफ एम्सवर्थचे दोन मुलगे आठवत असतील. थोरला लॉर्ड बॉशम, आणि धाकटा, सदा कर्जात बुडालेला, ऑनरेबल फ्रेडी थ्रीपवुड. सगळा जाच फ्रेडीच्याच वाट्याला का येतो, ते त्या एका शब्दात आलेलं आहे.

ड्यूक आणि मार्क्विस यांचे धाकटे मुलगे थोडे अधिक नशीबवान. त्यांना 'लॉर्ड' मिळतो, पण फक्त स्वतःच्या पहिल्या नावाला जोडून. ड्यूक ऑफ मार्लबरोचे धाकटे चिरंजीव रँडॉल्फ चर्चिल हे १८८५–८६मध्ये भारतमंत्री होते. ते 'लॉर्ड रँडॉल्फ'. त्यांना 'लॉर्ड चर्चिल' म्हणणं म्हणजे त्यांना न मिळालेली जहागीर बहाल करणं. नाव असं झोकदार असलं तरी कायद्यानं ते सामान्य नागरिक, म्हणूनच निवडून येऊन कॉमन्स सभागृहात बसू शकत होते. आपल्याला चक्रावून टाकणारी गोष्ट हीच. लॉर्ड म्हणवणारी माणसं सामान्यांच्या सभागृहात कशी? रेग्युलेटिंग ॲक्टच्या काळातले पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ तिथलेच, कारण त्यांचे वडील अर्ल ऑफ गिल्फर्ड १७९०पर्यंत हयात होते. १८८०–८२मधले भारतमंत्री मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन तिथलेच, कारण ड्यूक ऑफ डेव्हनशायर हे त्यांचे वडील होते, ते स्वतः नव्हते. अशा माणसांचा उल्लेख कायद्याच्या कागदात 'सर्वसाधारणपणे लॉर्ड अमुक म्हणून ओळखले जाणारे' अशा मासल्यानं करत. सरकारी कारकुनानं डोळा मारावा तशी ही भाषा आहे.

लॉर्ड रँडॉल्फना मिळालेला मान तिथेच संपला. त्यांचा मुलगा ब्लेनम राजवाड्यात जन्मला, ड्यूकचा सख्खा नातू, पण नाव साधं: मिस्टर विन्स्टन चर्चिल. बंगळुरात सैन्याच्या छावणीत होता तेव्हा त्याचा चुलत भाऊ ड्यूक होता आणि त्याला अजून मूल नव्हतं. म्हणजे गादीचा पुढचा वारस विन्स्टनच. तरीही उसनी पदवी नाही, कारण अशा वारसाला ती मिळतच नाही. उद्या ड्यूकला मुलगा झाला तर? १८९७मध्ये तो झालाच. विन्स्टन 'सर' झाले ते १९५३मध्ये, स्वतःच्या कर्तबगारीवर.

'लेडी' या शब्दानं आणखी गोंधळ होतो, कारण एकाच शब्दात बायको आणि मुलगी दोन्ही कोंबलेल्या आहेत. फरक कळतो तो पुढे पहिलं नाव येतं की आडनाव, यावरून. मुंबईतल्या 'लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट'मधल्या लेडी टाटा म्हणजे मेहेरबाई; पती दोराबजी 'सर' झाले म्हणून त्या लेडी, आणि म्हणून पुढे आडनाव. उलट लेडी डायना स्पेन्सर या 'लेडी डायना', कारण तो मान वडिलांकडून आलेला. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३च्या कादंबरीत ही खूण कथानकाचंच काम करते. लेडी लुकास या सर विल्यमच्या पत्नी, व्यापारातून वर आलेल्या घरातल्या. लेडी कॅथरीन डी बर्ग यांचे पतीही 'सर'च होते, तरी त्या 'लेडी डी बर्ग' नाहीत. पतीनं दिलेल्या मानापेक्षा जन्मानं मिळालेला मान मोठा, म्हणून पहिलं नाव कायम. त्या काळच्या वाचकाला हे नाव वाचताच समजत असणार की बाई कुठल्या तरी अर्लची किंवा त्याहून मोठ्या उमरावाची लेक आहे, आणि तिचा तोरा कुठून आला तेही. तिचा भाचा कर्नल फिट्झविल्यम अर्लचा धाकटा मुलगा, म्हणून नुसता कर्नल. आणि पैशासाठी लग्न करावं लागेल याचं दुःख तो एलिझाबेथला आडवळणानं सांगून टाकतो.

डायना यांचंही नाव एका रात्रीत बदललं होतं. १९६१मध्ये त्या जन्मल्या तेव्हा आजोबा अर्ल स्पेन्सर होते आणि वडील उसन्या पदवीचे व्हायकाउंट आल्थॉर्प. म्हणून मुलगी ऑनरेबल डायना. जून १९७५मध्ये आजोबा वारले, वडील खरे अर्ल झाले आणि चौदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर ती 'लेडी डायना' झाली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी पुढे त्यांना 'प्रिन्सेस डायना' करून टाकलं. नियमाप्रमाणे त्या कधीच तशा नव्हत्या. त्या 'प्रिन्सेस ऑफ वेल्स' होत्या, पतीच्या पदवीमुळे. पण वर्तमानपत्रं मथळ्याची लांबी आधी बघतात.

महाराष्ट्राशी या रिवाजाची गाठ पडते ती एका कटू प्रकरणात. जेम्स रॅम्झी हा अर्ल ऑफ डलहौसीचा धाकटा मुलगा. जन्मला ऑनरेबल म्हणून. थोरले भाऊ वारले आणि १८३२मध्ये तो वारस झाला, तेव्हा 'लॉर्ड रॅम्झी' म्हणवू लागला. १८३८मध्ये वडिलांमागे अर्ल झाला. हाच आपला लॉर्ड डलहौसी. १८४८मध्ये साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तो डलहौसीनं मानला नाही आणि सातारा खालसा केलं. दत्तकानं गादी चालते हे आपल्याकडे गावच्या पाटलालाही ठाऊक. ज्या समाजातून डलहौसी आला तिथे मात्र उमरावी रक्ताशिवाय चालतच नाही. आजही चालत नाही. उमरावांच्या दत्तक मुलांना 'ऑनरेबल' किंवा 'लेडी' लावायची परवानगीसुद्धा २००४ साली राजाज्ञा निघाली तेव्हा मिळाली, आणि त्यातही वारसा दिला नाहीच. या गोष्टीचं पुढचं प्रकरण इतिहासानं स्वतः लिहिलं. पंजाब जिंकल्यावर डलहौसीला १८४९मध्ये मार्क्विस केलं गेलं. त्याला मुलगा नव्हता. लेडी सुझन आणि लेडी ईडिथ अशा दोन मुली होत्या. १८६०मध्ये तो वारला. जुनी अर्लपदवी एका भाऊबंदाकडे गेली आणि त्यानं स्वतः कमावलेली मार्क्विसपदवी औरस पुत्राअभावी बुडाली. ज्या न्यायानं सातारा गेलं, तोच न्याय त्याच्या घरी लागू पडला.

या पाच पायऱ्यांच्या खाली बॅरोनेट नावाची आणखी एक वंशपरंपरागत पदवी असते. हा 'सर' बापाकडून मुलाकडे जातो, पण तो उमरावात मोडत नाही आणि त्याच्या मुलांना काहीही मिळत नाही, ऑनरेबलसुद्धा नाही. मुंबईच्या पारशी घराण्यांकडे आलेल्या पदव्या या जातीच्या. १८५७मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय पहिले भारतीय बॅरोनेट झाले, आणि १८६०मध्ये त्यांच्यासाठी खास कायदाच झाला की गादीवर येणाऱ्या प्रत्येकानं जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं. पहिल्यांचे चिरंजीव कर्सेटजी; वडिलांमागे तेही सर जमशेटजी झाले. लहानपणी ठेवलेलं नाव बाजूला ठेवून आजोबा-पणजोबांचं नाव अंगावर चढवायचं, असा हा वारसा. सर दिनशा पेटिट हे पेटिट घराण्यातले दुसरे बॅरोनेट. त्यांची मुलगी रतनबाई ही मलबार हिलवरची श्रीमंत लेक, पण १९१८मध्ये बॅरिस्टर जिनांशी लग्न होईपर्यंत कागदोपत्री नुसती मिस पेटिट.

उमरावाचं मूल असणं सगळ्यांनाच मानवलं असं नाही. १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री असलेले विल्यम वेजवुड बेन यांना १९४२मध्ये व्हायकाउंट स्टॅन्सगेट केलं गेलं. थोरला मुलगा महायुद्धात मारला गेला आणि वारसा धाकट्या टोनीकडे आला. टोनी बेन मजूर पक्षाचे खासदार, निवडून आलेले. १९६०मध्ये वडील वारले आणि त्याच क्षणी ते नको असताना लॉर्ड झाले. कॉमन्समधली जागा गेली. पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, तरी आत घेतलं नाही. ते हटून बसले. शेवटी १९६३मध्ये उमरावी सोडण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि त्याच दिवशी त्यांनी ती सोडली. पदवी मात्र मरत नाही, ती नुसती झोपते. २०१४मध्ये टोनी बेन वारल्यावर ती त्यांच्या मुलाकडे जागी झाली.

आणि माउंटबॅटन. त्यांच्या एका घरात हे सगळे नियम, अपवादांसकट, पाहायला मिळतात. जन्मतः ते प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग होते. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं नकोशी झाली, तेव्हा १९१७मध्ये त्यांच्या वडिलांनी ती टाकली आणि ते मार्क्विस ऑफ मिलफर्ड हेवन झाले. थोरला मुलगा अर्ल ऑफ मदीना झाला, धाकटा लुई झाला लॉर्ड लुई माउंटबॅटन. १९२२मध्ये एडविना ॲशलीशी त्यांचं लग्न झालं आणि ती 'लेडी लुई माउंटबॅटन' झाली. बाईच्या नावापुढे नवऱ्याचं पहिलं नाव, स्वतःचं कुठेच नाही. ती 'लेडी माउंटबॅटन' झाली ते १९४६मध्ये, नवरा स्वतः व्हायकाउंट झाल्यावर. धाकट्या मुलाच्या उसन्या 'लॉर्ड'मागे त्याच्या मुलींना काही मिळत नसल्यानं पॅट्रिशिया आणि पामेला तोवर नुसत्या मिस होत्या. आता ऑनरेबल झाल्या. सतरा वर्षांची पामेला आईवडिलांबरोबर दिल्लीला आली ती ऑनरेबल म्हणून, आणि ऑक्टोबर १९४७मध्ये वडील अर्ल झाले तेव्हा लेडी पामेला झाली.

पॅट्रिशियानं १९४६मध्येच लॉर्ड ब्रेबर्न यांच्याशी लग्न केलं होतं. मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम ज्यांच्या नावाचं, त्या गव्हर्नरांचा हा मुलगा. थोरला भाऊ युद्धात गेल्यावर पदवी त्याच्याकडे आली होती. पामेलानं १९६०मध्ये डेव्हिड हिक्स या गृहसजावटकाराशी लग्न केलं. अर्लच्या मुलीनं बिनपदवीच्या माणसाशी लग्न केलं तर तिचा मान शाबूत राहतो. उमरावाशी केलं तर ती नवऱ्याच्या पायरीवर येते, मग ती पायरी खालची का असेना. म्हणून मिस्टर हिक्सच्या पत्नी लेडी पामेला हिक्स या मानाच्या क्रमात बॅरनची पत्नी असलेल्या थोरल्या बहिणीच्या पुढे गेल्या. आणि या लग्नातून डेव्हिड हिक्सना काय मिळालं? काही नाही. धाकट्या मुलाची बायको लेडी लुई होते, पण लेडी पामेलाचा नवरा मिस्टरच राहतो. बायकोचा मान नवऱ्याला लागावा अशी सोय या व्यवस्थेत कुणी ठेवलेलीच नाही.

माउंटबॅटनना मुलगा नव्हता, म्हणून त्यांना पदवी देतानाच ती मुलीकडे जाईल अशी खास तरतूद केली होती. १९७९मध्ये त्यांची हत्या झाली आणि पॅट्रिशिया स्वतःच्या हक्कानं काउंटेस, म्हणजे अर्लच्या बरोबरीच्या, झाल्या, लॉर्ड्स सभागृहातही बसल्या. त्यांचा मुलगा नॉर्टन तोवर बॅरनचा मुलगा म्हणून ऑनरेबल होता. आता आईच्या खालच्या पदवीवरून लॉर्ड रॉम्झी झाला. २००५मध्ये वडिलांमागे तो खरा लॉर्ड ब्रेबर्न झाला. २०१७मध्ये आई वारल्यावर तो अर्ल झाला, आणि लॉर्ड ब्रेबर्न हे नाव आता त्याच्या मुलाला उसनं वापरायला मिळालं आहे.